दुखऱ्या हाताला नेमकं काय विचारायचं?

प्रश्न : आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. दवाखान्यात ३० प्रश्नांचा 'डॅश' फॉर्म (हाताने रोजची कामं कितपत जमतात ते विचारणारा) दिलाय. त्यातली बरीच कामं तिने आठवड्यात केलीच नाहीत. ते प्रश्न रिकामे सोडले तर चालतील?

शक्यतो सोडू नका. काम केलं नसेल, तर करायला घेतल्यावर कितपत जमेल याचा अंदाज बांधून खूण करायची असते. किमान २७ उत्तरं नसतील तर गुण काढताच येत नाहीत. प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तर आईलाच देऊ द्या.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या प्रोजेक्टसाठी डॅश घेऊ की पीआरडब्ल्यूई (मनगटापुरता फॉर्म)?

पीआरडब्ल्यूई. डॅश खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं एकत्र धरतो, आणि काम कोणत्या हाताने केलं हे त्यात बघितलंच जात नाही. माझ्याकडे उजवं मनगट मोडलेल्या एक काकू यायच्या. 'स्वयंपाक करणे' यापुढे त्यांनी 'काहीच त्रास नाही' अशी खूण केली. मी ओला नॅपकिन पिळायला दिला. डावा हात फिरला, उजवा अर्ध्यावरच अडला. पोळ्या कोण लाटतं, विचारलं. "सूनबाई लाटते, मी डाव्या हाताने भाजते." काकू खोटं बोलल्या नव्हत्या, प्रश्नच दुखऱ्या हाताबद्दल नव्हता.

पीआरडब्ल्यूईत १५ प्रश्न आहेत : ५ वेदनेचे, १० कामांचे. दुखऱ्या हाताने दाराची मूठ फिरवता येते का, खुर्चीवरून उठताना त्यावर भार देता येतो का, असं थेट विचारलंय. मात्र सुरीने मांस कापणं आणि टॉयलेट पेपर वापरणं हे प्रश्न आपल्याकडच्या अनेकांना लागू पडत नाहीत. पण म्हणून स्वतःच्या मनाने शब्द बदलू नका. परवानगी घ्या, दोघांकडून वेगवेगळं मराठी भाषांतर करून घ्या, ते उलट इंग्रजीत करून पडताळा, मग पेशंटजवळ बसून त्यांना काय समजलं ते विचारा. माझ्या मते ही शेवटची पायरी सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी तीच गाळली जाते.

प्रश्न : महिन्याभरात माझा डॅश ५२ वरून ४४ वर आला. तरी डॉक्टर 'थांबून बघू' म्हणतात.

डॅशमध्ये गुण कमी होणं चांगलं, तेव्हा दिशा बरोबर आहे. पण साधारण १० गुणांहून कमी फरक मोजणीतल्या चढउतारानेही पडू शकतो. पुढच्या वेळचा आकडा बघून ठरवणंच योग्य.

प्रश्न : कार्पल टनेलसाठी (मनगटात नस दाबली जाण्याच्या त्रासासाठी) वेगळा फॉर्म असतो का?

असतो, १९९३ पासूनची बोस्टन प्रश्नावली : ११ प्रश्न लक्षणांचे, ८ कामांचे. रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते, हेही त्यात आहे. भरण्याआधी चार-पाच रात्री तेवढी नोंद ठेवा.