बॅटरी बदलायच्या आधी हे बघ
भावा, सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट कट वाजतंय म्हणून लगेच नवी बॅटरी घ्यायला पळू नकोस. आधी बॉनेट उघड, बॅटरीच्या टर्मिनलवर (वायरी जोडतात त्या टोकांवर) पांढरी-हिरवी पावडर साचलीय का बघ, असेल तर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने जुन्या ब्रशने घास, कोरडं कर आणि क्लॅम्प घट्ट आवळ, बऱ्याच गाड्या इथेच चालू होतात बघ. मग त्याच टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लाव. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.२ च्या खाली म्हणजे उतरलीय, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवत नसेल तर लोचा बहुतेक अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो भाग), नवी टाकलीस तरी तीही बसणारच.
काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलटं केलंस आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच समज.
पाणी टाकायची बॅटरी असेल तर डिस्टिल्डच, नळाचं अजिबात नाही.
नवी घेताना मॅन्युफॅक्चरिंग डेट बघ, दुकानात सहा महिने पडलेली घेऊ नको, आणि जुनी एक्सचेंजला दे, चांगले पैसे कमी होतात. स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल तर साधी चालत नाही हां, कंपनीने दिलेल्याच टाईपची घे.