गोंदण झाकू नका, ताई

प्रश्न : माझं वय 58. दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात राहते. लेक-जावई नोकरीनिमित्त जपानात, ओसाकाला आहेत. कापूस-तुरीचं आटोपलं की मार्चअखेर आम्हा दोघांना त्यांनी बोलावलंय. लेक दोन दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी नेणार म्हणते. तिथं म्हणे चारचौघींसमोर अंगावर धागा न ठेवता आंघोळ करतात. शिवाय माझ्या दोन्ही हातांवर गोंदलेलं आहे, आणि तसल्यांना आत घेत नाहीत असं तीच सांगते. गुडघे फार दुखतात, जावंसं वाटतं, पण जीव कचरतो. काय करू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, जा. लेकीला म्हणावं, किनोसाकी या झऱ्यांच्या गावालाच ने.

तिचं म्हणणं खोटं नाही. जपानात गुंडांच्या टोळ्यांतली माणसं पाठभर चित्रं गोंदवून घेत, म्हणून पुष्कळ ठिकाणी गोंदलेल्या माणसाला पाण्यात उतरू देत नाहीत. किनोसाकीच्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत मात्र अशी आडकाठी नाही. 2019 च्या मार्चमध्ये मी तिथं गेले तेव्हा माझी धाकटी जाऊ सोबत होती. तिच्या मनगटावर तुळशीवृंदावन आहे, आठव्या वर्षी आईनं मांडीवर दाबून धरून गोंदवलेलं. ती पदरानं हात झाकूनच दारात शिरली. आत शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं ते हिरवं वृंदावन निरखून पाहिलं, स्वतःच्या मनगटावर बोट फिरवून खुणेनं काहीतरी विचारलं. जावेनं हात जोडून दाखवले. म्हातारीनंही जोडले. पुढचे दोन दिवस हात झाकायची गोष्ट जावेनं काढली नाही.

बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं असतं, एवढं मनात पक्कं धरा. कपडे टोपलीत ठेवायचे, केस वर बांधायचे. मग बुटक्या स्टुलावर बसून बालदीतलं पाणी घेत साबणानं अंग स्वच्छ धुवायचं. जन्मभर न्हाणीत पाटावर बसून आंघोळ केलेल्या बाईला यात काही नवं नाही. अंगावर साबणाचा कणही राहू द्यायचा नाही, कारण हौदातलं पाणी सगळ्यांचं असतं. छोटा टॉवेल त्या पाण्यात बुडवायचा नाही. बायका त्याची घडी डोक्यावर ठेवतात. माझं मंगळसूत्र गळ्यातच होतं, मला कुणी काही म्हटलं नाही. वाफ इतकी असते की दोन हातांवरची बाई धूसर दिसते, आणि कुणी कुणाकडं टक लावून बघत नाही.

गुडघे बरे होतील असं वचन मी देणार नाही. शेक चांगला मिळतो, त्या रात्री झोप गाढ लागते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, पहिल्या खेपेला पाच मिनिटांतच बाहेर या आणि वर पाणी प्या. तरीही धीर झाला नाही, तर रस्त्याकडेला नुसते पाय बुडवून बसायची सोय आहे. उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर बसतो तसं बसा.

मुक्कामाच्या ठिकाणी युकाता नावाचा सुती झगा देतात. तो घालून, लाकडी खडावा वाजवत लोक विलोच्या झाडांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. झग्याची डावी बाजू उजवीच्या वर घ्या. उलटं फक्त प्रेताला नेसवतात. मार्चअखेर आपल्याकडं ऊन चटके देत असतं. तिथं संध्याकाळी स्वेटर आणि पायमोजे लागतात. मांसमच्छी खात नसाल तर लेकीला खोली ठरवतानाच कळवायला सांगा, कारण तिथल्या साध्या रशालाही माशाचं पाणी असतं.

आता तुमच्या यजमानांसाठी. त्या गावची आख्यायिका अशी, की जखमी पायाचा करकोचा रोज झऱ्यात उभा राहून बरा झाला, त्यावरून लोकांना ते पाणी कळलं. पुढं शिकारीनं आणि शेतातल्या औषधांनी हाच पक्षी संपत गेला; जपानातला शेवटचा रानटी करकोचा 1971 साली मेला, तो किनोसाकी ज्यात येतं त्याच तोयोओका भागात. मग तिथल्या शेतकऱ्यांनी धानाच्या बांध्यांतली औषधं कमी केली, काहींनी बंदच केली, आणि हिवाळ्यातही शेतात पाणी ठेवलं, म्हणजे बेडूक-मासे जगतील. 2005 मध्ये जोपासलेले करकोचे पुन्हा मोकळे सोडले. आज ते तिथं घरटी करतात. 2017 साली फवारणीनं आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली ती ज्यांनी पाहिली, त्यांनी ही शेतं जरूर बघावीत असं मला फार वाटतं.

ओसाकाहून थेट जाणाऱ्या गाडीचं नावही करकोचाच, कोउनोतोरी. पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. तोयोओका स्टेशन गेलं की किनोसाकी जवळच. तेवढ्या वेळात यजमानांना खिडकीजवळ बसवा आणि पाणी साचलेल्या बांध्यांकडं बघायला सांगा. पांढरं अंग, काळे पंख, लाल पाय.