दिव्याला उतरावं की पनवेलला?

प्रश्न : मुलगा डोंबिवलीत राहतो. आम्ही दोघं वैभववाडीहून सावंतवाडी-दिवा पॅसेंजरने त्याच्याकडे जाणार आहोत. कोणी म्हणतं पनवेलला उतरा, कोणी म्हणतं दिव्याला. ह्यांचे गुडघे दुखतात. आणि आपली गाडी पुढे दादरला का जात नाही?
– एक वाचक, वैभववाडी

उत्तर : ताई, दिव्यालाच उतरा. दिव्याहून कल्याणकडे जाणारी लोकल घेतली की मध्ये एकटं कोपर, मग डोंबिवली. पनवेलला उतरलात तर एसटी स्टँडापर्यंत रिक्षा, मग बस, आणि शिळफाट्याची कोंडी. गुडघ्यांना ते जास्त पडेल.

दिवा स्टेशनात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1853मध्ये गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. तेव्हाची वाट मुंब्र्यावरून, डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने. पुढे 1916मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि दुसरी, सरळ वाट निघाली. डोंगरामुळे फुटलेल्या या दोन्ही वाटा एकत्र येतात दिव्याजवळ. त्यातच 1964मध्ये इथून पनवेलचा फाटा निघाला, तो 1966ला आपट्याला आणि 1986ला रोह्याला गेला. रोह्यापुढे कोकण रेल्वे, ती 26 जानेवारी 1998ला पूर्ण झाली. वसईची लाईनही इथेच जोडलेली. थोडक्यात, आपल्या चाकरमान्यांची मुंबई दिव्यातच सुरू होते, आणि दिव्याला मात्र कोणी मुंबई म्हणत नाही!

माझ्या काळात सगळ्यांचा जीव खायचं ते पूर्व-पश्चिम फाटक. फाटक उघडलं की लोकल सिग्नलला उभ्या, आणि बंद करायला जावं तर दांडा खाली येता येता दोन रिक्षा आणि एक टेम्पो मध्ये घुसायचेच. एका फाटकापायी कल्याणपर्यंतचं वेळापत्रक कोलमडायचं. 2 जानेवारी 2015ला लोकांचा संताप रुळांवर उतरला, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागल्या.

आता दादरचं. सावंतवाडी पॅसेंजर दिव्यालाच संपायची. दादरला जायची ती रत्नागिरी पॅसेंजर, आणि करोनानंतर तीही दिव्याला आणून ठेवली. कारण एकच, लोकलच्या रांगेत संथ गाडीला वाट मिळत नाही. ठाणे-दिवा दरम्यान दोन जादा मार्ग फेब्रुवारी 2022मध्ये सुरू झाले, तेव्हा ठाण्यापर्यंतची सबब लंगडी पडली, असं माझं मत. कुर्ल्यापुढे जागेची अडचण खरीच आहे. पण निदान ठाण्यापर्यंत तरी न्या की!

तुमच्या कामाचं एवढंच : तिकीट दिव्याचं काढू नका, वैभववाडीलाच थेट डोंबिवलीचं मागा, म्हणजे दिव्याला पुन्हा खिडकीशी उभं राहायला नको. पॅसेंजर संध्याकाळी पोचते आणि नेमक्या त्याच वेळी कल्याणकडच्या लोकल खच्चून भरून येतात. फास्टच्या मागे धावू नका, स्लो घ्या, आणि पहिली भरलेली असेल तर खुशाल सोडा. लोकलच्या फलाटावर जायला पूल चढावा लागेल. लोक रूळ ओलांडताना दिसतील, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

मुलाला बाहेर रिक्षा स्टँडवर नाही, पॅसेंजरच्या फलाटावर बोलवा. लोकलनेच येणार, तेव्हा त्याला रिटर्न तिकीट काढून यायला सांगा. फणस आणणार असलात तर तो त्याच्याकडे द्या आणि तुम्ही दोघं कठडा धरून सावकाश चढा. गणपतीत गाडी तासन्‌तास रखडते, म्हणून त्याला घरातून निघायचा फोन पेणला नव्हे, पनवेल सोडल्यावर करा.