परदेशातील इंग्रजी भाषाशाळा निवडताना नेमके काय तपासावे?

ब्रिटनमधील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेण्यापूर्वी तिथल्याच एखाद्या भाषाशाळेत आठ महिने इंग्रजी शिकण्याचा आपला विचार आहे, एजंटने तीन शाळा सुचवल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती निवडावी असे आपण विचारले आहे. प्रौढ विद्यार्थ्यांना अशा शाळांमध्ये शिकवण्याचा मला अनुभव आहे. शाळेचे शहर, इमारत आणि माहितीपत्रकातील छायाचित्रे बाजूला ठेवून, आपल्या पातळीच्या वर्गात आठवड्याला प्रत्यक्ष किती तास शिकवले जाते आणि कोण शिकवते, यावरच निवड करावी, असे माझे ठाम मत आहे.

मान्यतेचा प्रश्न लवकर निकाली निघतो. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिलची ‘ॲक्रेडिटेशन यूके’ ही योजना आहे. शाळेने आपल्या संकेतस्थळावर लावलेल्या बोधचिन्हावर विसंबू नये, कौन्सिलच्या यादीत शाळेचे नाव स्वतः शोधावे. याच्याशी जोडलेली व्हिसाची बाब मात्र नीट समजून घ्यावी. केवळ इंग्रजी शिकण्यासाठी ६ ते ११ महिन्यांचा जो अल्पकालीन अभ्यास व्हिसा मिळतो, तो वाढवता येत नाही, त्यावर नोकरी करता येत नाही आणि ब्रिटनमध्ये राहून त्याचे विद्यार्थी व्हिसात रूपांतरही करता येत नाही. म्हणजे भाषेचा अभ्यास संपल्यावर मायदेशी परतून नवा अर्ज करावा लागेल, आणि विद्यापीठाचे वर्ग सुरू होण्याची तारीख पाहता तेवढा अवधी हाती उरतो का, हे आजच मोजून पाहायला हवे.

आता तासांविषयी. ‘आठवड्याला २० तासिका’ असे लिहिलेले असते, पण तासिका ४५ मिनिटांची असेल तर प्रत्यक्षात १५ तासच शिकवले जाते. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिज संस्थेच्या अंदाजानुसार बी-१ (युरोपीय मोजपट्टीवरील मध्यम) पातळी गाठायला एकूण सुमारे ३५० ते ४०० तासांचे मार्गदर्शित अध्ययन लागते आणि तिच्या वरच्या बी-२ साठी ५०० ते ६००. म्हणजे या एका पायरीसाठी साधारण २०० तास धरावेत. आठवड्याला १५ तास मिळाले तर तेरा-चौदा आठवडे लागतात, २० तास मिळाले तर दहा. त्यामुळे दोन शाळांच्या शुल्काची तुलना आठवड्याच्या दराने न करता दर तासाच्या दराने करावी; स्वस्त वाटणारी शाळा पुष्कळदा तिथेच महाग ठरते.

दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्याने विचारायचाच, पण क्वचितच विचारला जाणारा एक प्रश्न आहे. बहुतेक शाळांत दर सोमवारी नवे विद्यार्थी दाखल होतात आणि जुने निघून जातात. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्यांना या व्यवस्थेची झळ लागत नाही. आठ महिने राहणाऱ्याला मात्र त्याच पुस्तकातील तेच धडे पुन्हा समोर येण्याचा धोका असतो. आपल्या पातळीचा अभ्यासक्रम किती आठवड्यांचा आहे, तो संपल्यावर पुढे काय शिकवले जाते, प्रगतीची चाचणी किती दिवसांनी होते आणि वर्ग बदलण्याचा निर्णय कोण घेतो, हे लेखी विचारावे. हिवाळ्यात विद्यार्थी कमी झाले की दोन पातळ्यांचे वर्ग एकत्र केले जातात का, हेही विचारावे. जुलै-ऑगस्टमध्ये उलट वर्ग तुडुंब भरतात. शिक्षकांकडे किमान सेल्टा किंवा ट्रिनिटीचे सर्टटीसॉल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचे प्राथमिक प्रमाणपत्र असावे. दीर्घ अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्याकडे डेल्टासारखी पुढची पात्रता असेल तर मी त्याला अधिक महत्त्व देईन.

आपले ध्येय विद्यापीठ असल्यामुळे नुसते संभाषणाचे इंग्रजी पुरणार नाही. व्याख्यान ऐकत टिपणे काढणे, संदर्भ देऊन निबंध लिहिणे, चर्चेत आपले म्हणणे मांडणे हे स्वतंत्रपणे शिकावे लागते, आणि आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीच्या वर्गात त्यातले थोडेच येते. अनेक ब्रिटिश विद्यापीठे प्रवेशापूर्वीचे स्वतःचे भाषावर्ग चालवतात आणि सशर्त प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने ते यशस्वीपणे पूर्ण केल्यास भाषेची अट पूर्ण झाल्याचे मानतात. खासगी शाळेच्या प्रमाणपत्राला असे वजन मिळेलच असे नाही. म्हणून शाळेला पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला पत्र लिहून त्यांना कोणता पुरावा चालतो, हे विचारून घ्यावे.

एजंटला साधारणतः शाळेकडून कमिशन मिळते. त्यामुळे त्याचा सल्ला वाईटच असतो असे नाही, परंतु त्याच्या यादीबाहेरची एखादी चांगली शाळा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा मान्यताप्राप्त शाळांच्या यादीतून आणखी एक-दोन शाळा स्वतः निवडून त्यांनाही हेच प्रश्न पाठवावेत. शुल्काच्या अटींत व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळते आणि शाळाच बंद पडल्यास आपल्या पैशांचे संरक्षण कोण करते, ही दोन कलमे शोधावीत. २०१४ आणि २०१५ मध्ये आयर्लंडमधील अनेक खासगी शाळा अचानक बंद झाल्या आणि शुल्क भरलेले परदेशी विद्यार्थी अडकून पडले. या दोन कलमांविषयी शाळा लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर बाकी सारे कितीही चांगले दिसले तरी तिथे पैसे भरू नयेत.