साठ किलोचं मशीन, पस्तीस किलो बर्फ

प्रश्न : अकोट तालुक्यात माझं रस-सरबताचं दुकान आहे. बर्फाच्या मशीनवर 60 किलो रोज असं लिहिलंय, पण मे महिन्यात जेमतेम 35 किलो निघतो. क्यूब पांढरट येतात, कधीकधी साच्यातून सुटतच नाहीत. दुकानात बोअरचं पाणी आहे. मेकॅनिक म्हणतो, गॅस भरावा लागेल. भरू का?
— एक वाचक, जि. अकोला

उत्तर : ताई, इतक्यात नको. मशीनमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणार. मेकॅनिकला सांगा, आधी गळती दाखव, मग भर.

मला संशय आहे तो पाण्याचा. मशीनवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा हवा 21 अंश आणि पाणी 10 अंश धरून छापलेला असतो. अकोल्यात असा मे कुणी पाहिलाय? हिशेब करून बघा. एक किलो पाणी एका अंशाने गार करायला एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि शून्यावर आलेल्या पाण्याचा बर्फ व्हायला आणखी 80. म्हणजे 10 अंशांच्या पाण्याला 90 लागतात, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतल्या 40 अंशांच्या पाण्याला 120. नुसत्या गरम पाण्यानेच 60 चे 45 झाले! बाकीची घट 44 अंशांच्या हवेमुळे. कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, आपलं कामच जड जातं. त्यात जाळीवर धूळ आणि चिपाडाचा भुसा बसला असेल तर विचारूच नका. मशीन बंद करून जाळी ब्रशने झाडा, मागे वीतभर जागा सोडा आणि टाकीवर सावली करा. यात फारसा खर्च नाही.

आता पांढरेपणा. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. चांगल्या मशीनमध्ये गार पत्र्यावरून पाणी वाहत राहतं. शुद्ध पाणी आधी गोठतं, क्षार मागे उरतात आणि ते पाणी शेवटी मोरीत जातं. पण पाण्यात क्षारच जास्त असले तर ते क्यूबमध्ये अडकून तो पांढरट करतात आणि पत्र्यावरही चढतात. क्यूब सोडवायला मशीन त्याच पत्र्यामागून गरम गॅस फिरवतं, तरी खरबरीत पत्र्यावरून बर्फ घसरत नाही. कंपनीने सांगितलेलं क्षार काढायचं द्रावण वापरा. संडासाचं अ‍ॅसिड अजिबात नको, पत्र्यावरचा निकेलचा मुलामा जातो आणि मशीन कायमचं बिघडतं.

सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, खारटपणा तसाच राहतो. तुम्हाला आरओ, म्हणजे क्षार गाळणारं यंत्र लागेल, सोबत छोटी टाकीही, कारण त्याची धार बारीक असते. पण क्षार पार शून्याला नेऊ नका. काही मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी काडी पाण्यातून वीज वाहण्यावर चालते. फार शुद्ध पाण्यात ती आंधळी होते.

तोवर बाहेरून बर्फाची लादी आणाल, तर ती पिण्याच्या पाण्याची आहे ना, हे विचारून घ्या. निळसर बर्फ मासळी, दूध गार ठेवण्यासाठी असतो. पेल्यात तो चालत नाही. आणि बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या गार करत असाल तर आजच काढा. त्या बाटलीला किती हात लागलेले असतात!

एवढं करूनही कमी पडलं तरच मोठं मशीन बघा. तेव्हा विक्रेत्याला हवा 32 आणि पाणी 21 अंश असतानाचा आकडा विचारा. माहितीपत्रकात तो बारीक अक्षरात सापडतो. मे महिन्यासाठी त्यातूनही थोडं वजा धरा.