वाचकांचे प्रश्न : प्रोटोटाइप ओळीत मावत नाही

प्रश्न : सी भाषेतल्या फंक्शनांची संदर्भपुस्तिका लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, ए5 आकारात जुळवतो आहे. लांब प्रोटोटाइप (फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं हे सांगणारी ओळ) समासात घुसतात. तेवढ्यापुरता फॉन्ट बारीक करावा का?

उत्तर : नको. आधी हिशेब मांडा. ए5 पान 148 मिमी रुंद. दोन्हीकडे 18 मिमी समास सोडला की 112 मिमी उरतात, म्हणजे साधारण 317 पॉइंट. कुरियर या कोडसाठीच्या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर फॉन्टच्या आकाराच्या 0.6 पट जागा खातं. म्हणून 10 पॉइंटला ओळीत 52 अक्षरं बसतात, 9 पॉइंटला 58. आता क्यूसॉर्ट, म्हणजे सीमधलं यादी क्रमाने लावणारं फंक्शन घ्या. पॅरामीटरांच्या (फंक्शनला द्यायच्या मूल्यांच्या) नेहमीच्या नावांसह, मोकळ्या जागा आणि अर्धविराम धरून, त्याचा प्रोटोटाइप 93 अक्षरांचा होतो. तो एका ओळीत कोंबायचा तर फॉन्ट साडेपाच पॉइंटच्या आसपास आणावा लागेल. वाचणार कोण?

ओळ स्वल्पविरामानंतर तोडा आणि एका ओळीवर एकच पॅरामीटर ठेवा. पुढच्या ओळी उघडत्या कंसाच्या रेषेत लावायची पद्धत दिसते देखणी, पण अरुंद पानावर दगा देते. क्यूसॉर्टमध्ये कंसापर्यंतच 11 अक्षरं जातात. शेवटचा पॅरामीटर तुलना करणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर. तो कंस-अर्धविरामासह 43 अक्षरांचा. बेरीज 54, म्हणजे 10 पॉइंटला पुन्हा दोन अक्षरं बाहेर! त्याऐवजी सगळीकडे चार अक्षरांचा ठरावीक इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) द्या : 47, आरामात बसतं. फंक्शनचं नाव कितीही लांब असलं तरी हा इंडेंट हलत नाही, हा त्याचा खरा फायदा.

पॅरामीटरचा प्रकार आणि नाव यांची ताटातूट करू नका. तारांकन नावालाच चिकटलेलं राहू द्या. ओळ तोडताना संयोगचिन्ह तर अजिबात नको, वाचक त्याला वजाबाकी समजेल.

प्रश्न : लाटेकमध्ये कोड छापणाऱ्या लिस्टिंग्ज पॅकेजमधलं ब्रेकलाइन्स, म्हणजे लांब ओळी तोडण्याची सोय, चालू केलं तर हे आपोआप होणार नाही का?

उत्तर : ओळ तुटेल, पण जागा संपेल तिथे, स्वल्पविरामाची त्याला फिकीर नाही. प्रकाराआधी येणारा 'कॉन्स्ट' हा शब्द ओळीच्या शेवटी लोंबकळेल आणि त्याचा प्रकार खालच्या ओळीवर जाईल. तुटलेल्या ओळीपुढे बाणाची खूण टाकलीत, तर पीडीएफमधून कोड उचलणाऱ्याच्या फाइलीत तीही जाऊ शकते. लांब उदाहरणांना ते ठेवा, प्रोटोटाइप हातानेच तोडा.

स्फिंक्स हे दस्तऐवज तयार करणारं साधन वापरणाऱ्यांची मात्र सोय आहे : 7.1 आवृत्तीपासून सिग्नेचरची (छापल्या जाणाऱ्या प्रोटोटाइपची) कमाल लांबी ठरवता येते. ती ओलांडली की प्रत्येक पॅरामीटर आपसूक स्वतंत्र ओळीवर जातो.