पहिलटकरणीने कोणते पुस्तक वाचावे?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांची असून मला चौथा महिना सुरू आहे. हे माझे पहिलेच बाळंतपण. दिवस गेल्याचे कळल्यापासून घरात पुस्तकेच पुस्तके येत आहेत. सासूबाईंनी गर्भसंस्कारांचे एक जाड पुस्तक दिले, यजमानांनी लंडनच्या मित्राकडून इंग्रजी पुस्तक मागवले आणि आईने, माझ्या वेळी तिने वाचलेले आणि इतकी वर्षे जपून ठेवलेले मराठी पुस्तक पाठवले. तिन्हींमध्ये आहारापासून झोपण्यापर्यंत निरनिराळे सांगितले आहे. इंग्रजी पुस्तकातील गुंतागुंतीची प्रकरणे वाचल्यापासून तर मला रात्री नीट झोपही लागत नाही. यांतील कोणते पुस्तक वाचावे, की एखादे नवीन घ्यावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. गर्भारपणावरचे पुस्तक कादंबरीसारखे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे नसते. त्यातील गुंतागुंतीची प्रकरणे ही ज्या मोजक्या स्त्रियांना तो त्रास झालेला असतो, त्यांच्यासाठी लिहिलेली असतात, आणि चौथ्या महिन्यात सर्व काही सुरळीत असताना ती सलग वाचली, तर प्रत्येक लक्षण आपल्याच अंगात दिसू लागते. तुम्ही सध्याच्या आणि पुढच्या महिन्याचे प्रकरण वाचा. त्याशिवाय एकच पान वाचणे मी आवश्यक मानते, ते म्हणजे धोक्याच्या लक्षणांचे. अंगावरून रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके सतत दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज येणे, पाणी जाणे, ताप, आकडी, आणि सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी झाल्याचे जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे, असे जे पुस्तक स्पष्ट शब्दांत सांगते, ते माझ्या दृष्टीने अर्धी परीक्षा उत्तीर्ण झालेले असते. हे पान चटकन सापडत नसेल किंवा तेथे ‘घाबरू नका, विश्रांती घ्या’ एवढेच लिहिले असेल, तर ते पुस्तक घेऊ नका.

आता तुमच्या तीन पुस्तकांकडे वळू. इंग्रजी पुस्तक बहुधा चांगलेच असेल. शरीरात काय बदल होतात, बाळ कोणत्या आठवड्यात किती वाढते, कळा कशा सुरू होतात, हे परदेशी पुस्तकांत फार नीट समजावलेले असते. मात्र ते दुसऱ्या देशातील स्त्रीसाठी, तेथील आरोग्यव्यवस्था गृहीत धरून लिहिलेले असते, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते. माझ्याकडे तपासणीला येणारी एक मुलगी एकदा रडतच आली, कारण तिच्या पुस्तकात हिमोग्लोबिन ११०च्या खाली नसावे असे छापले होते आणि तिचा रिपोर्ट ११.४ दाखवत होता. ब्रिटनमध्ये हे प्रमाण एका लिटरमागे मोजतात आणि आपल्याकडे १०० मिलिलिटरमागे, म्हणजे तेथील ११० आणि आपले ११ हे एकच. तिचे हिमोग्लोबिन उत्तम होते. रक्तातील साखरेचेही तसेच आहे. तेथील आकड्याला १८ने गुणले की आपल्या रिपोर्टमधील आकडा मिळतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात १४० ही मर्यादा मानतात. तिकडील पुस्तकात तुम्हाला ७.८ असा आकडा दिसेल, आणि ते दोन्ही सारखेच आहेत.

याहून मोठा फरक आहे तो रक्तक्षयाचा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील निम्म्याहून अधिक, सुमारे ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. ज्या देशांत ही अडचण कमी आहे, तेथील पुस्तकात लोहाच्या गोळीला एखादा परिच्छेद पुरतो. आपल्या पुस्तकात त्याला एक स्वतंत्र प्रकरण हवे. शासकीय कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली एक गोळी, किमान १८० दिवस घ्यायची असते, आणि हीच गोळी स्त्रिया सर्वांत आधी सोडून देतात. का सोडतात? मळमळते, शौचाला काळे आणि घट्ट होते, आणि कोणीतरी सांगते की बीट, खजूर खाल्ले की पुरे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवावे, लिंबू किंवा आवळा सोबत असावा, काळ्या शौचाची भीती बाळगू नये, असे सारे जे पुस्तक समजावते, ते लिहिणाऱ्याने आपल्याकडची गर्भवती जवळून पाहिली आहे, असे समजावे. आहाराच्या प्रकरणातही हेच पाहा. परदेशी पुस्तक परदेशी चीज आणि डबाबंद मांसाबद्दल चार पाने खर्च करील, पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, नाचणीचे सत्त्व आणि शेंगदाण्याची चटणी यांतून दिवसभराची प्रथिने कशी भरून काढावीत, हे त्यात सापडणार नाही. दुकानात उभ्या उभ्या पारख करायची असेल, तर पपईबद्दल काय लिहिले आहे ते काढून वाचा. कच्च्या पपईचा चीक टाळावा आणि पूर्ण पिकलेली पपई बेताने खाण्यास हरकत नाही, असा भेद करणारा लेखक बाकीच्या गोष्टीही बहुधा विचार करून लिहितो.

सासूबाईंनी दिलेल्या पुस्तकाबद्दल मला जपून, पण स्पष्ट लिहायचे आहे. गर्भारपणात मन प्रसन्न राहावे, चांगले वाचावे, संगीत ऐकावे, पहाटे थोडे चालावे, घरातील माणसांनी तिच्याशी गोड बोलावे, या अपेक्षेत चुकीचे काही नाही. उलट घरातील बोलणे सुधारावे म्हणून मी ही पाने नवऱ्याला आणि सासूलाही वाचायला सांगते. बाळ सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाजाला प्रतिसाद देऊ लागते, हेही खरे आहे. परंतु केशर घातलेल्या दुधाने बाळ गोरे होते, अमुक श्लोकाने बुद्धिमान होते, असली आश्वासने देणाऱ्या पुस्तकावर औषधपाण्यासाठी विसंबू नका. बाळात काही कमी राहिले, तर त्या पुस्तकाचा सारा दोष आईच्या माथी येतो, आणि तो तिने कधीही स्वीकारू नये. आणि पुस्तकात मुलगाच व्हावा म्हणून काही उपाय दिलेला असेल, तर ते तत्काळ बाजूला ठेवा. लिंगनिवड आणि तिची जाहिरात हा आपल्याकडे गुन्हा आहे. महाराष्ट्राने याबाबतचा कायदा १९८८ मध्ये, देशाच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधी केला.

आईचे पुस्तक प्रेमाने जपून ठेवा, मात्र सल्ल्यासाठी वापरू नका. त्या काळातील धनुर्वाताच्या लसीची जागा आता धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींच्या एकत्रित लसीने घेतली आहे, आणि पूर्वी गर्भारपणात चार तपासण्या पुरेशा मानत, तेथे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून किमान आठ सांगितल्या आहेत. म्हणूनच कोणतेही पुस्तक घेताना मुखपृष्ठाआधी आवृत्तीचे वर्ष पाहावे, आणि पुनर्मुद्रण म्हणजे सुधारित आवृत्ती नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

नवीन पुस्तक घेण्याआधी एक गोष्ट करा. जवळच्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्या. खासगी रुग्णालयात नाव घातलेल्या अनेक जणी ते घेतच नाहीत. मराठीतील ही छोटी पुस्तिका विनामूल्य मिळते. तिच्यात तपासण्यांच्या नोंदी, वजन, रक्तदाब, धोक्याची लक्षणे आणि बाळाच्या लसींचे वेळापत्रक असते, आणि बाळंतपणाला माहेरी जाल, तेव्हा तेथील डॉक्टरांना तुमची सारी हकिगत तीच सांगेल. तिच्या जोडीला एकच पुस्तक घ्या, तुम्हाला सहज समजेल अशा भाषेतले, आणि वाचताना पडलेले प्रश्न वहीत लिहून पुढच्या तपासणीला घेऊन या. मी येथे कोणत्याही पुस्तकाचे नाव सुचवत नाही, कारण रक्तदाब असलेल्या, जुळी असलेल्या आणि तुमच्यासारख्या निरोगी पहिलटकरणीला एकच पुस्तक सारखे उपयोगी पडत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : माझ्या वहिनीचे डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे. ओटीत साडीबरोबर एक पुस्तक द्यावे असे मनात आहे. कोणत्या प्रकारचे द्यावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कल्पना छान आहे, फक्त सातव्या महिन्यात ‘नऊ महिन्यांची काळजी’ शिकवणारे पुस्तक देऊ नका, कारण तोवर त्यातील बहुतेक पाने मागे पडलेली असतात. सुरुवातीचे फॉलिक ॲसिड, अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफी, अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील व्यंग तपासणी हे सारे होऊन गेलेले असते. तिला आता कळा, सिझेरियन आणि त्यापुढचा सव्वा महिना समजावणारे पुस्तक हवे. त्यात सिझेरियनला बाईचे अपयश म्हटलेले नसावे. ज्या देशात खासगी रुग्णालयांतील जवळपास निम्मी बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात, तेथे टाक्यांची काळजी आणि टाके असताना बाळाला कुशीत कसे घ्यावे, हे चित्रांसह सांगितलेले हवे. पहिल्या तासातच अंगावर पाजणे, पिवळसर चीक टाकून न देणे, सहा महिने वरचे पाणीही न देणे, ही पाने ठळक असावीत.

आणि बाळंतिणीच्या मनाविषयीचे प्रकरण आहे ना, ते जरूर पाहा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ पैकी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, त्या घरांत त्याचा धोका अधिक होता. ‘बाळ झाले की सगळे ठीक होते’ असे म्हणून हा विषय टाळणारे पुस्तक मी वहिनीच्या हाती दिले नसते. शेवटी मध चाटवण्याबद्दल काय लिहिले आहे तेही वाचा. पहिल्या वर्षात बाळाला मध देऊ नये, एवढे सरळ वाक्य तेथे नसेल, तर दुसरे पुस्तक शोधा. अजून महिनाभर तुमच्या हाती आहे.